कंपनीचा निरोप शेवटच्या माणसापर्यंत: गोव्यातल्या नवख्या एचआरवाल्यांसाठी

गोव्यातल्या मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर किंवा ॲडमिनमध्ये नवीन लागलात, की पहिल्या महिन्यात एक काम हमखास अंगावर येतं: ‘तो ग्रुप आता तू सांभाळ.’ ग्रुप म्हणजे अर्थातच व्हॉट्सॲपचा. त्यात कोण आहे, कोण नाही, कुणी काय टाकायचं, कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार, यातलं काही कुठे लिहिलेलं नसतं. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. वेर्ण्याला किंवा कुंडईला कारखाना, पणजीत ऑफिस आणि म्हापशाकडे गोदाम, अशी दीडशे-दोनशे माणसांची कंपनी मी डोळ्यांसमोर ठेवली आहे. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या हॉटेलात असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीने सांगायचं आणि कामगारांनी ऐकायचं, एवढ्यालाच बहुतेक ठिकाणी संवाद म्हणतात. माणूस कंपनीशी जोडलेला राहतो तो त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं म्हणून. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या उत्तराच्या सोयीसाठी आहेत.

पहिली पायरी: आधी माणसांची यादी, मग ॲप

ॲप कुठलं घ्यायचं यावर मीटिंगांवर मीटिंगा होतात, पण ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांच्या हातात काय आहे हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. एक एक्सेल शीट उघडा. नाव, खातं, शिफ्ट आणि गाव हे रकाने असतीलच. त्यापुढे आणखी पाच घाला: स्मार्टफोन आहे का, तो स्वतःचा आहे की घरात मिळून वापरतात, ड्युटीवर फोन जवळ असतो का, कुठली भाषा वाचता येते, आणि कामाचा मेसेज दिवसातून कधी बघता येतो.

हे फॉर्म पाठवून भरून घेऊ नका. सुपरवायझरला बरोबर घ्या, शिफ्ट सुटताना उभे राहा आणि एकेकाला विचारा. दोन-तीन दिवस जातील. पण त्यानंतर तुमच्या हातात जी यादी येईल ती मॅनेजमेंटमध्येही कुणाकडे नसेल.

यादी भरली की चित्र दिसू लागतं. औषधांच्या कारखान्यात प्रॉडक्शनमध्ये जाण्यापूर्वी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे अख्खी शिफ्ट तो माणूस मेसेजच्या बाहेर. हॉटेलात हाउसकीपिंगची बाई मजल्यावर असताना तिचाही फोन खाली लॉकरमध्येच. ड्रायव्हरच्या हाताशी फोन असतो, पण त्याने गाडी चालवताना तो बघू नये अशीच आपली इच्छा असते. सेल्सचा मुलगा दिवसभर फोनवर. अकाउंट्सवाले कॉम्प्युटरसमोर, त्यांना ई-मेल पुरतो. सकाळी अकराला टाकलेला एकच मेसेज ऑफिसात पाच मिनिटांत वाचला जातो, पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरला तीन वाजल्यानंतर दिसतो, आणि रात्रपाळी करून झोपलेल्या सिक्युरिटीवाल्याला संध्याकाळी.

कँटीन, सिक्युरिटी, बागकाम, लोडिंग इथली माणसं बहुधा कॉन्ट्रॅक्टरची असतात. त्यांच्या पगाराचं आणि रजेचं उत्तर कॉन्ट्रॅक्टरने द्यायचं, पण आग, पाऊस, बस, गेटचे नियम याबद्दलचा निरोप त्यांनाही त्याच क्षणी मिळायला हवा. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरशी बोलून हे पहिल्याच आठवड्यात ठरवा आणि लिहून ठेवा.

दुसरी पायरी: कुठला निरोप कुठे जाणार ते ठरवा

कंपनीतले निरोप ढोबळमानाने चार जातींचे असतात. तातडीचे: बस बदलली, पाणी भरलं, शिफ्ट रद्द. रोजच्या कामाचे: रोस्टर, मशीन बंद, आज कुणाकडे काय. कायम लागणारे: रजेचे नियम, फॉर्म, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) दवाखाने, सुट्ट्यांची यादी. आणि आपुलकीचे: वाढदिवस, कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, कंपनीच्या संघाने जिंकलेला फुटबॉलचा सामना.

गडबड होते ती चारही एकाच ग्रुपवर पडल्याने. चाळीस ‘हॅपी बर्थडे’च्या खाली उद्याच्या बसचा मेसेज गाडला जातो, आणि मग मॅनेजर म्हणतो, ‘टाकला होता की मी ग्रुपवर!’ प्रत्येक जातीला एकच ठरलेली जागा द्या. तातडीचा निरोप जिथे येतो तिथे दुसरं काहीही येता कामा नये. मग तिथे फोन वाजला की माणूस बघतो.

कायम लागणाऱ्या गोष्टी मेसेजमध्ये राहूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी गुगल ड्राइव्हचं एखादं फोल्डर किंवा कंपनीच्या इंट्रानेटवर, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीच्या वेबसाइटवर, पान करा. त्याचा क्यूआर कोड छापून टाईम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी नोंदवतात त्या खोलीच्या, खिडकीवर, कँटीनमध्ये आणि लॉकररूममध्ये लावा. रजेचा फॉर्म कुठे मिळेल हा प्रश्न तुम्हाला आठवड्यात दहा जण विचारत असतील, तर ते फोल्डर अजून नीट झालेलं नाही असं समजा.

तिसरी पायरी: साधन

बहुतेकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आहेच, त्यामुळे कामगारांसाठी तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणजे संख्येची अडचण नाही. अडचण अशी की साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. नव्याने लागलेल्या मुलीचा नंबर दीडशे अनोळखी माणसांच्या हाती जातो आणि रात्री ‘हाय’ येऊ लागतात. ही तक्रार मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे, की मोठ्या घोषणांसाठी साधा ग्रुप वापरूच नये असं माझं ठाम मत झालं आहे. २०२२ मध्ये आलेली ‘कम्युनिटी’ची सोय वापरा. तिच्यातल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. तिच्याखाली खातेवार छोटे ग्रुप जोडता येतात, आणि तिथे माणसं एकमेकांशी बोलू शकतात.

ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचा, मोह पडतो, पण ती २५६ जणांपुरतीच, शिवाय ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोचतच नाही. तुम्हाला वाटतं गेला. चुकीचा मेसेज गेला तर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, त्यानंतर साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचला तेही दिसतं. तातडीच्या निरोपाच्या वेळी ते बघत चला, ज्यांनी वाचलेला नाही त्यांना फोन करा.

ऑफिसच्या कामासाठी मात्र व्हॉट्सॲप नको. टीम्स, स्लॅक, गुगल चॅट किंवा आपल्या चेन्नईच्या झोहोचं क्लिक, यातलं जे तुमच्या ई-मेलच्या पॅकेजबरोबर येतं ते घ्या. वेगळे पैसे मोजायची गरज सहसा पडत नाही. स्लॅकच्या फुकट पॅकेजमध्ये ९० दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसत नाहीत, हे घेण्यापूर्वी जाणून घ्या. ऑडिटच्या वेळी नेमका चौथ्या महिन्यातला मेसेज हवा असतो.

आणि कुठल्याही ॲपमध्ये कंपनीची एकमेव प्रत ठेवू नका. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने २०१६ मध्ये ‘वर्कप्लेस’ नावाचं खास कर्मचाऱ्यांसाठीचं साधन आणलं, जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांनी ते घेतलं, आणि मे २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. नियम, फॉर्म, फोटो, याद्या आपल्या ड्राइव्हवर असल्या की ॲप बदललं तरी काही अडत नाही.

चौथी पायरी: भाषा, म्हणजे नेमकी वाचायची भाषा

गोव्यात हा भाग नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही त्यात जागा राहिली. कारखान्यातलं चित्र याहून गुंतागुंतीचं आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इथली माणसं घरी कोकणी बोलतात, पण त्यांतले बरेच जण शाळेत मराठी शिकल्यामुळे मराठी भराभर वाचतात. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याहून, दोडामार्गाहून रोज मोटारसायकलने येणारी मुलं मराठीच वाचणार. सासष्टीतले अनेक ख्रिस्ती कामगार कोकणी वाचतात ती रोमी, म्हणजे रोमन, लिपीत, देवनागरीतली नोटीस त्यांना अडखळत वाचावी लागते. बेळगाव-धारवाडकडून आलेल्यांना कन्नड येतं. ओडिशा, झारखंडहून आलेल्यांना हिंदी बोललेलं कळतं, लिहिलेलं कळेलच असं नाही. हॉटेलात सीझनला, म्हणजे ऑक्टोबरपासून, नेपाळ आणि उत्तराखंडची मुलं येतात.

एवढ्या सगळ्या भाषांत लिहिणं एका माणसाचं काम नाही. मला उपयोगी पडलेला मार्ग असा: लेखी निरोप दोन भाषांत, तुमच्या यादीत ज्या दोन सगळ्यात जास्त निघतील त्यांत. त्याबरोबर तीस सेकंदांची व्हॉइस नोट, कोकणीत आणि हिंदीत. लिपीचा प्रश्नच मिटतो. कोकणी ऐकून न समजणारा गोंयकार सापडणार नाही, आणि व्हॉइस नोट फोन कानाला लावून बसथांब्यावरही ऐकता येते.

गुगल ट्रान्सलेटमध्ये मे २०२२ पासून कोकणी आहे. कच्चा मसुदा म्हणून वापरायला हरकत नाही, पण पाठवण्यापूर्वी ती भाषा घरी बोलणाऱ्या एका माणसाला वाचून दाखवा. प्रत्येक भाषेसाठी असा एकेक माणूस खात्यांतून शोधून ठेवा आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच्या या कामाची नोंद होईल हे बघा. फुकटात करून घ्यायची ही गोष्ट नाही.

पाचवी पायरी: निरोप लिहायचा कसा

आपल्याकडे नोटिसा अजून सरकारी परिपत्रकासारख्या लिहिल्या जातात. एका कारखान्यात मी बघितलेली नोटीस जवळपास अशी होती: ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव वाहतूक व्यवस्थेत बदल करण्यात आलेला असून सर्वांनी याची नोंद घ्यावी.’ नोंद कशाची घ्यायची? हाच निरोप असा लिहिता आला असता:

‘उद्या मंगळवार, फोंडा रूट, पहिली शिफ्ट. बस तिस्कावर थांबणार नाही. कदंब बसस्टँडच्या गेटपाशी पकडा, पहाटे ५.४०. रस्त्याचं काम चालू आहे, शनिवारपर्यंत असंच राहील. बस चुकली तर टाईम ऑफिसला फोन करा. या आठवड्यात फोंडा रूटला लेटमार्क लागणार नाही.’

आणि व्हॉइस नोटमध्ये: ‘फाल्यां फोंड्याची बस तिस्कार रावची ना. कदंब बसस्टँडाच्या गेटीर रावतली.’

कुणासाठी, कधी, काय करायचं, कुठपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढं सगळं फोनच्या एका पडद्यावर मावलं पाहिजे. पीडीएफ जोडून ‘कृपया जोडलेलं पत्र पाहा’ असं लिहू नका. लहान फोनवर पीडीएफ उघडून बोटांनी मोठं करत वाचणारा माणूस अर्ध्यावर सोडून देतो. कारण मात्र एका ओळीत का होईना, नक्की सांगा. कारण कळलेलं असलं की माणूस गैरसोय बऱ्यापैकी सोसतो.

सहावी पायरी: ज्यांच्या हातात फोन नाही

वरच्या बसच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगतो. ती नोटीस संध्याकाळी सहानंतर ई-मेलने गेली. पहिल्या शिफ्टच्या मुलींना कंपनीचा ई-मेलच नव्हता. पहाटे दहा-बारा जणी तिस्कावर बंद दुकानाच्या पत्र्याखाली पावसात उभ्या राहिल्या आणि बस दुसऱ्याच थांब्यावरून निघून गेली. रिक्षाचे पैसे वाटून घेऊन त्या उशिरा पोचल्या, लेटमार्क लागला. त्यातल्या एकीने ग्रुपवर विचारायला फोन काढला तर ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवलेला. विचारायला जागाच नाही.

म्हणून फोनच्या पलीकडचे तीन रस्ते कायम उघडे ठेवा. पहिला, शिफ्ट सुरू होतानाचं पाच मिनिटांचं ब्रीफिंग. हॉटेलांत ही पद्धत मुरलेली आहे. कारखान्यात ती सुपरवायझरच्या मर्जीवर असते. सुपरवायझरला आदल्या संध्याकाळी तीन मुद्दे लिहून पाठवा, त्याहून जास्त नको, आणि सांगून झाल्यावर त्याने ‘सांगितलं’ एवढं उत्तर द्यायचं. दुसरा, कँटीनमधला टीव्ही. बहुतेक ठिकाणी तो असतोच आणि त्यावर बातम्या चालू असतात. त्याला पेनड्राइव्ह लावून पाच-सहा स्लाइड फिरत ठेवता येतात, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. अक्षर इतकं मोठं असावं की रांगेच्या शेवटून वाचता यावं. तिसरा, जुना नोटीसबोर्ड. त्याच्यावरचा प्रत्येक कागद तारखेचा असावा आणि मुदत संपली की निघावा. मागच्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीची नोटीस नाताळपर्यंत लटकत असली की माणसं त्या भिंतीकडे बघणंच सोडतात.

या तिन्हींत सुपरवायझर सगळ्यात महत्त्वाचा. कामगार कंपनीवर विश्वास ठेवतो तो बहुतेक वेळा सुपरवायझरवर असलेला विश्वास असतो. सुपरवायझरला एखादी गोष्ट कामगारांबरोबरच ग्रुपवर कळली तर त्याची पंचाईत होते, कारण पहिला प्रश्न त्यालाच येतो. निदान तासभर आधी त्याला कळवा.

सातवी पायरी: उलट येणारा रस्ता

आता मूळ गोष्टीकडे. घोषणांचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवणं बरोबरच आहे, पण त्याच दिवशी विचारायची जागाही उघडा. कंपनीचं सिमकार्ड असलेला एक नंबर घ्या, आणि तो कुणाचा आहे हे नावासकट सांगा. ‘एचआर विभाग’ला कुणी प्रश्न विचारत नाही, माणूस माणसाला विचारतो. जमलं तर त्या माणसाचा फोटो कँटीनमध्ये नंबराखाली लावा.

मग एक साधं रजिस्टर करा, गुगल शीटवर चालेल. तारीख, प्रश्न, कुणी विचारला, उत्तर कोण देणार, कधी दिलं. नियम दोन. प्रश्न आला त्याच दिवशी ‘मिळाला, बघतो’ एवढं तरी जायला हवं. आणि तीन कामाच्या दिवसांत उत्तर, किंवा उत्तर कधी मिळेल ती तारीख. शीट दर सोमवारी प्लांट हेडला किंवा जनरल मॅनेजरला दाखवा, विशेषतः कुठले प्रश्न अडकले आणि कुणाच्या टेबलावर. हे करताना थोडा वाईटपणा येतो. तो घ्यावा लागतो, कारण नव्या एचआरवाल्याच्या हातात दुसरं वजन नसतं.

येणारे प्रश्न कसले असतात? ओव्हरटाईम कमी लागला. आधीच्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर होत नाही. ईएसआयच्या कार्डावर बायकोचं नाव चुकलं. दोन नंबरच्या बसमध्ये जागा नसते. भातात खडे. हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण तीस तारखेला ओव्हरटाईमचे तास जुळत नसतील तर त्या माणसाला कंपनीच्या व्हिजनवरची फिल्म दाखवून काय उपयोग?

उत्तर ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हणा. साखळी गावाकडून वेगळी बस मागितली आणि तेवढी माणसं नसल्याने ती परवडत नसेल, तर तसं सांगा आणि किती माणसं झाली की विचार करता येईल तो आकडाही सांगा. ‘विचाराधीन आहे’ हे वाक्य एकदा चालतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या नंबरवर कुणी प्रश्न पाठवत नाही, आणि ‘हल्ली तक्रारी नाहीत’ असा वरच्यांचा गैरसमज होतो. महिन्यातून एकदा, आलेल्या प्रश्नांतले पाच-सात आणि त्यांची उत्तरं, नावं न देता, सगळ्यांना पाठवा. मला हा अख्ख्या व्यवस्थेतला सगळ्यात मोलाचा कागद वाटतो. ज्याने विचारलं नाही त्यालाही त्यातून उत्तर मिळतं.

नाव न सांगता बोलायची सोयही हवी. गुगल फॉर्म चालतो, फक्त ई-मेल गोळा करायचं सेटिंग बंद असल्याची खात्री दुसऱ्याच्या फोनवरून करून बघा. आणि फॉर्ममध्ये खातं, शिफ्ट, वय, गाव असं सगळं विचारू नका. आठ माणसांच्या खात्यात एवढ्यावरून कोण ते लगेच कळतं.

एक गोष्ट या रस्त्याने येऊ देऊ नका. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तिची माहिती दिसेल अशा जागी लावावी लागते. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर फोल्डरमध्ये, लॉकररूममध्ये, सगळीकडे ठेवा. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेही तिथे लिहा. तुमच्या नंबरवर अशी तक्रार आली तर ती रजिस्टरमध्ये चढवू नका. तक्रार करणारीला समितीपर्यंत पोचवा आणि कुणापाशीही बोलू नका.

वेळ आणि खाजगीपणा

रात्री आठनंतर आणि सकाळी सातपूर्वी तातडीशिवाय काही पाठवायचं नाही, हे लिहून ठरवा आणि मॅनेजरांनाही पाळायला लावा. रात्रपाळीवाल्यांसाठी दुपारी वाजणारा फोन म्हणजे मोडलेली झोप, म्हणून त्यांचा ग्रुप वेगळा.

कोण गैरहजर आणि का, कुणाला कुठला आजार, कुणाच्या पगारातून किती कापलं, यातलं काहीही ग्रुपवर जाता कामा नये. वाढदिवस टाकायचा तर आधी विचारून, आणि जन्माचं वर्ष वगळून. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, हे त्यातलं सूत्र रोजच्या व्यवहारात तुमच्या उपयोगाचं आहे. पहिल्या पायरीत केलेली यादीही त्यातच येते. ती कुणालाही फॉरवर्ड करू नका.

पाऊस येण्यापूर्वी

मे महिन्यात एक तालीम घ्या. गोव्यात जूनपासून हवामान खात्याचे पिवळे, केशरी आणि लाल इशारे येत राहतात, वीज जाते, टॉवर बंद पडतात, झाड पडून रस्ता अडतो. दिवाडी बेटावरून येणाऱ्या माणसाचं सगळं फेरीबोटीवर अवलंबून. सांगे, काणकोण, सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर एरवीही रेंजची मारामार. अशा वेळी इंटरनेटवर चालणारा निरोप अडकतो, साधा फोन आणि एसएमएस त्या मानाने जातो.

म्हणून फोनची साखळी करा. प्रत्येक सुपरवायझरकडे आठ-दहा नंबर, प्रत्येकाला फोन, न लागल्यास त्याच वाड्यावरच्या दुसऱ्याला. यादी छापून गेटवरच्या केबिनमध्ये, टाईम ऑफिसात आणि प्रत्येक बसच्या ड्रायव्हरकडे ठेवा, कारण वीज गेल्यावर तुमची शीट उघडणार नाही. तालमीच्या दिवशी खोटा निरोप पाठवा, ‘ही तालीम आहे’ असं स्पष्ट सांगून, आणि शेवटच्या माणसाला कळायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. पहाटेच्या शिफ्टसाठी निर्णय किती वाजेपर्यंत घ्यायचा आणि तो कोण घेणार हेही आधी ठरवा. कंपनीने सहाला ठरवलं आणि बस साडेपाचला सुटली तर सगळी यंत्रणा फुकट.

सण आणि आनंदाच्या गोष्टी

वर्षात सगळ्यात जास्त वाट बघितली जाणारी नोटीस म्हणजे चवथीच्या रजांची. गावच्या घरी गणपती, त्याच्यावर फळाफुलांची माटोळी बांधायची, तेव्हा प्रत्येकाला तेच दिवस हवे असतात. रजा कशा वाटणार ते निदान सव्वा महिना आधी सांगा, आणि गेल्या वर्षी कुणी चवथीला काम केलं होतं ते बघून यंदा त्याला आधी द्या. हॉटेलात हीच ओढाताण नाताळ आणि नव्या वर्षाला. सीझनच्या ऐन गर्दीत रजा मिळणार नाही हे ऑक्टोबरलाच कळलं तर माणूस घरच्यांना तसं सांगू शकतो. डिसेंबरमध्ये कळलं तर नोकरी सोडून जातो.

आपुलकीचा ग्रुप मोकळा सोडा, तिथे शिस्त लावायला जाऊ नका. फक्त राजकारण, धर्म आणि विक्रीच्या जाहिराती नकोत, एवढा एकच नियम पुरे. कंपनीकडून तिथे काही टाकायचं तर कामगाराचं काम दिसेल असं टाका. मेंटेनन्सच्या माणसाने रात्री बॉयलर चालू करून दिला, त्याचा त्याच्या परवानगीने फोटो आणि काय केलं ते दोन ओळींत. डायरेक्टरने झाडू हातात धरलेल्या फोटोपेक्षा तो फोटो जास्त वेळा घरी दाखवला जातो.

चालतंय की नाही, कसं कळणार

किती जणांनी अंगठा दाखवला ते मोजू नका. दर पंधरा दिवसांनी कँटीनमध्ये वेगवेगळ्या खात्यांतल्या पाच जणांशेजारी ताट घेऊन बसा आणि विचारा: शनिवारच्या रोस्टरमध्ये काय बदललं? रजेचा फॉर्म कुठे मिळतो? अडलं तर कुणाला फोन करशील? तिसऱ्या प्रश्नाला तुमचं किंवा सुपरवायझरचं नाव आलं तर काम ठीक चाललं आहे. ‘कुणाला करणार?’ असं उलट ऐकू आलं तर त्या खात्यात पुन्हा जा, सुपरवायझरपासून सुरुवात करा.

येणारे आणि जाणारे

नवा माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याला ग्रुपात घ्या, त्याच्यासमोर तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि क्यूआर कोड एकदा त्याच्याकडूनच स्कॅन करून घ्या. सीझनपुरत्या मुलांनाही हेच. प्रत्येक ग्रुपला दोन ॲडमिन असावेत, त्यांतला एक कंपनीच्या नंबरवरचा. नाहीतर ॲडमिन नोकरी सोडतो आणि ग्रुप त्याच्या खाजगी फोनवर राहतो. तुम्ही स्वतः रजेवर जाताना रजिस्टर कुणाकडे हे ग्रुपवर सांगून जा.

सोडून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी सगळ्या ग्रुपांतून आणि ड्राइव्हवरून काढायचं, पण त्याआधी त्याला भेटा. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, कधी मिळेल ती तारीख सांगा आणि त्यानंतर कुठल्या नंबरवर विचारायचं ते लिहून द्या, कारण पीएफचे निम्मे प्रश्न नोकरी सुटल्यानंतरच सुरू होतात.